स्वतःच्या सर्व्हरवरून जाणारे मेल उशिरा पोचतात, कुठं बघायचं?

साचा_कास्टिंग

मंडळी, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची लहान फौंड्री आहे, ऑफिस उद्यमनगरात. मेल सर्व्हर ऑफिसातच, फायलींच्या कपाटाशेजारी: डेबियन लिनक्स, त्यावर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा), डोव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा). ज्यानं बसवला तो बंगळूरला नोकरीला गेला आणि "तुला कॉम्प्युटरचं कळतं" म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात आलं. मी मुळात वाळू आणि मेल्टिंगवाला.

येणारे मेल झटक्यात येतात. जाणाऱ्यांचं मात्र काही खरं नाही. काही गिऱ्हाइकांना लगेच पोचतात, काहींना अर्धा-पाऊण तास लागतो. एकाच गिऱ्हाइकाला सकाळी लगेच आणि दुपारी उशिरा, असंही होतं. बाउन्स, म्हणजे न पोचता परत आलेला मेल, एकही नाही. पुण्याचे परचेसवाले फोनवर "कोटेशन पाठवलं म्हणता, कुठाय?" विचारतात आणि मी "येईल, येईल" म्हणत बसतो.

दिवाळीनंतर सुरू झालंय. सर्व्हरवर कुणी हात लावलेला नाही. डिस्क रिकामी, लोड काहीच नाही. 'मेलक्यू' मारलं की क्यूत, म्हणजे जायच्या रांगेत, पाच-पंचवीस मेल पडलेले दिसतात. 'पोस्टक्यू -एफ' मारून रांग ढकलली की त्यातले काही सुटतात. तीच कमांड क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवतो तो) दर मिनिटाला टाकू का?

शेंगदाणा_चटणी

पाऊण तास म्हणजे माणूस मोटरसायकलवर पेठ नाक्यापर्यंत जातोय. प्रिंट काढून पाठवा.

पुण्यात_अडकलेला

आजकाल कोण स्वतः मेल सर्व्हर चालवतं? विकतची सेवा घ्या, महिन्याला माणशी काही रुपये पडतात, झोप शांत लागते. फौंड्रीनं कास्टिंग करावं.

दसरा_चौक

डीएनएस. नावावरून आयपी शोधणारी यंत्रणाच बिघडली असणार. न बघता सांगतो.

रात्रपाळी

@साचा_कास्टिंग, आधी क्रॉनचं. अजिबात टाकू नका. पोस्टफिक्सच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की न जाणारे मेल सारखे ढकलले तर बाकीच्या मेलचीही गती बिघडते. शिवाय समोरचा सर्व्हर दर मिनिटाला दार वाजवणाऱ्याकडे संशयानंच बघतो. हात आवरा.

दुसरं, "उशीर होतो" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येणार नाही. मेल लॉगमध्ये प्रत्येक डिलिव्हरीच्या ओळीत 'डिलेज=' पुढं तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात. पहिला: मेल सर्व्हरवर आल्यापासून क्यू मॅनेजरनं शेवटचा हातात घेईपर्यंतचा वेळ. दुसरा: क्यू मॅनेजरच्या हातात गेलेला. तिसरा: समोरच्याशी जोडणी होईपर्यंतचा, म्हणजे डीएनएस, हेलो (ओळख सांगणं), टीएलएस (जोडणी सांकेतिक करणं) सगळं धरून. चौथा: प्रत्यक्ष मेल ओतायला लागलेला. कुठला आकडा फुगलाय ते कळलं की निम्मं काम झालं.

उशिरा गेलेल्या एखाद्या मेलची आणि लगेच गेलेल्या एखाद्याची ओळ इथं टाका. आयपी आणि नावं बदलून.

जुना_खांब

हे वाचून बरं वाटलं. आम्ही सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हरवर होतो. डायल-अपचं मीटर पळू नये म्हणून दिवसभर मेल क्यूत साठवायचे आणि रात्री लाइन जोडून एकदम सोडायचे. तेव्हा कुणी "पाऊण तास झाला" म्हणून फोन केला नाही, कारण फोन लाइनच मेलनं अडवलेली असायची.

पोस्टफिक्स आलं १९९८ साली. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलं. सेंडमेलची ती कॉन्फिग फाइल ज्यांनी उघडली नाही त्यांना ही केवढी सुटका होती ते कळायचं नाही.

साचा_कास्टिंग

@रात्रपाळी, घ्या. पुण्याचं एक गिऱ्हाईक, उशिरा गेलेला:

डिले=१८५२, डिलेज=१८४१/०.०३/१०.२/०.६, स्टेटस=सेंट

दुसरं गिऱ्हाईक, लगेच गेलेला म्हणतो तो:

डिले=११, डिलेज=०.४/०.०२/१०.१/०.७, स्टेटस=सेंट

@पुण्यात_अडकलेला, मालकांना ड्रॉइंगं बाहेर ठेवायची नाहीत. त्यावर चर्चा करून झाली आहे, चहासकट.

मधली_आळी

पहिला आकडा १८४१. म्हणजे मेल क्यूत पोचायच्या आधीच अडकलाय. आरस्पॅमडी मिल्टर म्हणून, म्हणजे मेल आत घेतानाच तपासणारा म्हणून, लावलाय ना? तोच. आमच्याकडं हेच झालं होतं. आरस्पॅमडी प्रत्येक मेलमागं ब्लॅकलिस्टना (स्पॅमवाल्यांच्या याद्या) डीएनएसनं विचारतो आणि डीएनएसची उत्तरं आणून देणारा रिझॉल्व्हर मेलेला होता, मेल ताटकळत बसायचे. आरस्पॅमडी बंद करून बघा.

रात्रपाळी

@मधली_आळी, थांबा. मिल्टर हळू असला तर पहिला आकडा फुगतो हे बरोबर. पण मिल्टर अर्धा तास नाही धरून ठेवत, पोस्टफिक्सचा त्याच्यासाठीचा मोठ्यात मोठा टाइमआउट मजकुरासाठी ३०० सेकंदांचा असतो. शिवाय पाठवणाऱ्याच्या आउटलुकवर चक्र फिरत राहिलं असतं आणि ऑफिसात बोंब झाली असती.

मेल एकदा जाऊन परत क्यूत पडला, म्हणजे डिफर झाला, की तो पडून राहिलेला सगळा वेळ पुढच्या खेपेला याच पहिल्या आकड्यात मोजला जातो. 'शेवटचा हातात घेईपर्यंत' यातला 'शेवटचा' महत्त्वाचा. म्हणून स्टेटस=सेंटची एकटी ओळ बघून निकाल देऊ नये. त्या मेलचा क्यू आयडी घ्या आणि त्याच्यावर लॉग ग्रेप करा, म्हणजे तो आयडी असलेल्या सगळ्या ओळी शोधा. आधीच्या खेपा दिसतील, समोरच्यानं काय उत्तर दिलं तेही दिसेल.

मधली_आळी

मान्य. तरी आरस्पॅमडीवर माझा डोळा आहे.

पुण्यात_अडकलेला

पॉपकॉर्न.

साचा_कास्टिंग

ग्रेप केलं. त्या १८४१ वाल्याची हकीकत:

पहिली खेप: ४५०, ग्रेलिस्टेड, थोड्या वेळानं प्रयत्न करा.
साधारण आठ मिनिटांनी: ४५०, क्लायंट होस्ट रिजेक्टेड, रिव्हर्स होस्टनेम सापडत नाही, [१९८.५१.१००.७].
सोळाव्या मिनिटाच्या आसपास: परत तेच.
तिसाव्या मिनिटाला: सेंट.

म्हणजे पुण्यातला तो सर्व्हर मला ओळखतोय का नाही?

तिखट_मीठ

पहिल्या खेपेचं मी सांगते. ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी पाहुणा दारात आला की "मालक घरात नाहीत, नंतर या" म्हणायचं. खरा असेल तो परत येतो, स्पॅमवाला येत नाही. इव्हान हॅरिस यांनी २००३ साली ही युक्ती मांडली. समोरचा तीन गोष्टींची जोडी लक्षात ठेवतो: पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता. पोस्टग्रे वापरत असतील तर ठरावीक थांबणं ३०० सेकंदांचं. पोस्टफिक्स पाच-दहा मिनिटांत परत जातो, तेव्हा दार उघडतं.

त्यामुळं नुसत्या ग्रेलिस्टिंगनं दहा मिनिटं जातील, तीस नाही. आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला तर एकदा ओळख झाल्यावर परत थांबवतच नाहीत. तुमची ओळख टिकत का नाही, हा प्रश्न आहे.

जुना_खांब

ग्रेलिस्टिंग आता कालबाह्य आहे. स्पॅमवालेसुद्धा परत येतात. निष्पाप लोकांचे ओटीपी मात्र अडकतात.

तिखट_मीठ

काका, माझ्या सर्व्हरवर अजून चालू आहे आणि निम्मी घाण त्यातच अडते. संशयास्पद वाटतील त्यांनाच लावते, सगळ्यांना नाही. तुम्ही म्हणताय ते सरसकट लावणाऱ्यांचं.

रात्रपाळी

तीस मिनिटांचा हिशेब असा. डिफर झालेला मेल पोस्टफिक्स लगेच उचलत नाही. कमीत कमी ३०० सेकंद थांबतो, मग मेल जितका जुना तितकंच आणखी थांबतो, म्हणजे दर खेपेला साधारण दुप्पट. जास्तीत जास्त ४००० सेकंद, म्हणजे तासाच्या थोडं वर. म्हणून आठ, सोळा, तीस. पोस्टफिक्स वेळापत्रकाप्रमाणं चाललाय. आरएफसी ५३२१, म्हणजे मेलच्या देवाणघेवाणीचं मानक, तर म्हणतं की दोन खेपांत निदान अर्धा तास ठेवा. त्या मानानं हा उतावळाच.

आता मुद्द्याचं. @साचा_कास्टिंग, दुसऱ्या खेपेच्या उत्तरात चौकोनी कंसात जो आयपी आहे, तो तुमच्या सर्व्हरचा आहे का? इथं टाकताना बदललाय ते कळतंय. मूळ लॉगमध्ये बघा.

साचा_कास्टिंग

आमचा नाही!! आमचा स्टॅटिक आयपी वेगळा आहे, त्याला पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आहे, एसपीएफमध्येही (आमच्या नावानं कुठून मेल निघू शकतात त्याची यादी) तोच आहे. हा कुणाचा म्हणायचा? सर्व्हर हॅक झालाय का?

शेंगदाणा_चटणी

मालकांना आत्ताच सांगू नका.

खासबाग

हॅक बिक काही नाही. दादा, ऑफिसात इंटरनेटच्या दोन लाइनी आहेत का? दिवाळीच्या सुमारास राउटर बदलला का?

साचा_कास्टिंग

व्हय. जुनी लाइन सारखी तुटायची म्हणून दिवाळीत दुसरी फायबर घेतली. बसवणाऱ्यानं नवीन राउटर लावला आणि "दोन्ही एकत्र केल्यात, आता डबल स्पीड" असं सांगून गेला. सर्व्हरला कुणी हात लावला नव्हता म्हणून मी ते इथं लिहिलं नाही, सर्व्हरशी त्याचा संबंध असेल असं वाटायचं कारणच नव्हतं.

खासबाग

सापडलं. त्यानं लोड बॅलन्सिंग लावलंय. ब्राउझरला ठीक आहे, मेल सर्व्हरला ठीक नाही. तुमचा सर्व्हर एका खेपेला पहिल्या लाइननं जातो, दुसऱ्या खेपेला दुसऱ्या. बाहेरच्याला दोन वेगळे आयपी दिसतात. येणारे मेल नीट येतात कारण एमएक्स (मेल कुठं आणून द्यायचे ते सांगणारी डीएनएस नोंद) फक्त पहिल्या लाइनकडं बोट दाखवतो.

आमच्या गोकुळ शिरगावच्या युनिटात हेच झालं होतं. फरक एवढाच की आमच्या दुसऱ्या लाइनवर मेल पाठवायचा पंचवीस नंबरचा पोर्टच बंद होता. त्यामुळं ४५० सुद्धा यायचं नाही, नुसतं 'कनेक्शन टाइम्ड आउट'. तिसरा आकडा कायम तीसच्या पाढ्यात, तीस, साठ, नव्वद, कारण पोस्टफिक्स एका पत्त्याच्या जोडणीसाठी तीस सेकंदच वाट बघतो. पाढा बघूनच ओळखायला शिकलो.

तिखट_मीठ

तरीच ओळख टिकत नव्हती. पहिल्या लाइननं ओळख करून घ्यायची आणि दुसऱ्या लाइननं परत अनोळखी म्हणून जायचं. वर दुसऱ्या आयपीला पीटीआर नाही, एसपीएफमध्ये तो नाही. नशीब की पुण्याचा सर्व्हर ४५० देतोय, म्हणजे तात्पुरता नकार. ५५० दिला असता तर मेल सरळ परत आला असता.

फुकट जीमेल पत्त्यांवरही मेल पाठवत असाल तर लक्ष ठेवा. गूगलनं फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्याच पाठवणाऱ्यांना पीटीआर, शिवाय एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यातलं एक, सक्तीचं केलंय. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही लागतात. तुमचं डीकेआयएम आहे ना?

साचा_कास्टिंग

आहे. बंगळूरला गेलेला माणूस हुशार होता.

दसरा_चौक

सगळे दोन लाइनीत रमले. माझं डीएनएस कुठं गेलं? दोन्ही ओळींत तिसरा आकडा १०.२ आणि १०.१ आहे. "लगेच गेलेला" मेलसुद्धा जोडणीसाठी दहा सेकंद घेतोय. ते काय आहे?

रात्रपाळी

@दसरा_चौक, अगदी बरोबर, आणि ते वेगळं बघायला हवं. तीसच्या पाढ्यात असेल तर जोडणी, पाचच्या पाढ्यात असेल तर डीएनएस. रिझॉल्व्हरनं उत्तर दिलं नाही की लिनक्स पाच सेकंद थांबतो आणि पुढच्याला विचारतो. एमएक्स विचारताना पाच, त्याचा पत्ता विचारताना पाच.

@साचा_कास्टिंग, 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' मध्ये (डीएनएस कुणाला विचारायचं ते लिहिलेली फाइल) पहिलं नाव कुणाचं आहे? जुन्या लाइनवाल्यांचा डीएनएस असणार. बरेच इंटरनेटवाले आपल्या गिऱ्हाइकांशिवाय कुणाला उत्तर देत नाहीत. तुमचा प्रश्न दुसऱ्या लाइननं गेला की त्यांच्या दृष्टीनं तुम्ही परके, म्हणून गप्प.

सर्व्हरवरच अनबाउंड (स्वतःचा रिझॉल्व्हर) टाका आणि १२७.०.०.१ ला, म्हणजे त्यालाच, विचारा. डेबियनवर आणखी एक खोच आहे: पोस्टफिक्स बऱ्याचदा क्रूटमध्ये, म्हणजे एका फोल्डरात कोंडून, चालतो आणि त्याची 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'ची स्वतःची प्रत स्पूलच्या फोल्डरात असते. वरची फाइल बदलून पोस्टफिक्स रिस्टार्ट केला नाही तर तो जुनंच वाचत बसतो. 'पोस्टफिक्स चेक' मारलं की दोन प्रती वेगळ्या असल्याची तक्रार करतो.

दसरा_चौक

न बघता सांगितलं होतं. नोंद असावी.

मधली_आळी

आणि अनबाउंडचा फायदा आरस्पॅमडीलाही होईल. स्पॅमहाऊससारख्या याद्या मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारलं तर उत्तर नाकारतात. म्हणजे माझा डोळा अगदीच चुकीच्या जागी नव्हता. (ह. घ्या.)

पुण्यात_अडकलेला

एवढं रामायण एका कोटेशनसाठी. बरं, हे सगळं केल्यावर पूर आला की?

जमाखर्च

पुराचं मी सांगते. आमचं सीए ऑफिस शाहूपुरीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा सर्व्हर वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला, पण लाईट नाही, इंटरनेट नाही. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, बाहेरून कुणी यायचीही सोय नाही. मला वाटलं गिऱ्हाइकांचे सगळे मेल गेले. लाईट आली, सर्व्हर सुरू केला आणि मेल येतच राहिले. ते सगळे पाठवणाऱ्यांच्या सर्व्हरवर क्यूत उभे होते! अगदी सुरुवातीचे काही परत गेले, बाकी आले. २०२१ च्या जुलैत परत तेच, तेव्हा मी घाबरले नाही.

रात्रपाळी

@जमाखर्च, आरएफसीत तेच आहे: निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नका. पोस्टफिक्सचं ठरलेलं पाच दिवस. आज ज्या क्यूला आपण शिव्या घालतोय तिनंच पुरात तुमचे मेल धरून ठेवले.

पुण्यात_अडकलेला

विकतच्या सेवेत मेल मोबाइलवर वाचता आले असते. बोटीत बसून.

जमाखर्च

बोटीत बसल्यावर मेल कोण वाचतं ओ?

खासबाग

@साचा_कास्टिंग, राउटरवर करायचं ते: पॉलिसी रूट किंवा 'आउटगोइंग इंटरफेस'चा नियम शोधा. स्रोत सर्व्हरचा आतला आयपी, पाठवायचं पहिल्याच लाइननं. नुसता पोर्ट २५ बांधलात तरी मेलचं भागेल, पण सर्व्हरची सगळीच वाहतूक बांधलेली बरी, नाहीतर उद्या आणखी काहीतरी अर्धं-अर्धं होईल. मग बाहेरच्या एखाद्या खात्यावर मेल पाठवा आणि तिथं 'रिसीव्हड' हेडरमध्ये आयपी बघा. सारखा एकच दिसला पाहिजे.

तिखट_मीठ

ज्यांच्याकडं एकच लाइन आहे पण आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चालू आहे त्यांनीही हे बघावं. पोस्टफिक्स दोन्हीतला कुठलाही पत्ता निवडतो. व्ही६ ला पीटीआर नसेल तर हाच खेळ. व्ही६ नीट नसेल तर 'एसएमटीपी_अ‍ॅड्रेस_प्रेफरन्स' ला आयपीव्ही४ लिहा. तेवढ्यानं थांबलं नाही तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वर चालवा.

साचा_कास्टिंग

नियम लावला, अनबाउंड टाकला, पोस्टफिक्स रिस्टार्ट केला. आत्ताची ओळ:

डिले=१.९, डिलेज=०.४/०.०२/०.७/०.८, स्टेटस=सेंट

पुण्याचे परचेसवाले म्हणाले, "आज काय, फोन ठेवायच्या आत मेल आला." क्यू रिकामी आहे.

एक तेवढं राहिलंय. इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक म्हणतंय अजून वीस मिनिटं लागतात. आमच्या लॉगमध्ये दोन सेकंदांत सेंट, आणि पुढं २५० ओके.

रात्रपाळी

२५० मिळालं म्हणजे मेल त्यांनी ताब्यात घेतला, पुढची जबाबदारी त्यांची. त्यांना त्या मेलची सगळी हेडरं मागा. 'रिसीव्हड'च्या ओळी खालून वर वाचा, प्रत्येकीत वेळ असते. दोन ओळींत कुठं वीस मिनिटांचं अंतर पडलंय ते बघा, टाइमझोनकडं लक्ष ठेवून. बहुतेक त्यांच्याच स्पॅम फिल्टरमध्ये सापडेल. हेडरांत अंतर नसेल तर त्यांचा फोन दर अर्ध्या तासानं मेल ओढतोय.

आणि 'डिले_वॉर्निंग_टाइम' एक तास ठेवा. मुळात ते बंद असतं, म्हणून अडकलेल्या मेलची पाठवणाऱ्याला खबरच लागत नाही.

जमाखर्च

एक तास नको! आमच्याकडं ठेवलं होतं. इशाऱ्याचा मेल आला की स्टाफला वाटायचं मेल गेलाच नाही, लगेच दुसऱ्यांदा पाठवायचे. गिऱ्हाइकाकडं एकच इन्व्हॉइस दोनदा, मग त्यांचं अकाउंट्स मला फोन करणार. चार तास ठेवा.

साचा_कास्टिंग

चार तास ठेवतो. आता शेवटची शंका. पहिली लाइन तुटली तर? दुसरी त्यासाठीच घेतली होती. राउटरच्या नियमात 'फेलओव्हर'ची, म्हणजे एक तुटली की आपोआप दुसरीवर जायची, खूण आहे, ती ठेवू का काढू?

खासबाग

ठेवा की. नाहीतर दुसऱ्या लाइनीचे पैसे कशाला भरायचे?

रात्रपाळी

मेलसाठी काढा. लाइन तुटली तर मेल क्यूत थांबू दे, लाइन आली की जाईल. बिनपीटीआरच्या आयपीवरून पाठवून नाव खराब करण्यापेक्षा दोन तास थांबलेलं परवडतं. बाकीच्या ऑफिसला फेलओव्हर ठेवा.

जमाखर्च

आणि महिन्याच्या १० तारखेला रात्री तुटली तर? दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ ची मुदत असते. तुमची क्यू पाच दिवस थांबेल, पोर्टल नाही थांबत.

रात्रपाळी

पोर्टल ब्राउझरवर चालतं, ते दुसऱ्या लाइननं जाईलच. पण मेलच हवा असेल तर दुसऱ्या आयपीलाही पीटीआर करून घ्या, त्याच नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) उलटा जुळवा, एसपीएफमध्ये तो आयपी घाला. मग फेलओव्हर खुशाल ठेवा. तोपर्यंत बंद.

साचा_कास्टिंग

दुसऱ्या लाइनवाल्यांना फोन केला. "पीटीआर म्हणजे काय, प्लॅनचं नाव आहे का?" असं विचारलं.

खासबाग

काउंटरवर विचारू नका दादा. कंपनीच्या लेटरहेडवर स्टॅटिक आयपी, हवं ते होस्टनेम आणि लाइनचा ग्राहक क्रमांक लिहून त्यांच्या नेटवर्क विभागाला मेल करा. आधी ए रेकॉर्ड करून ठेवा, ते तपासतात.

शेंगदाणा_चटणी

आणि मेल पहिल्या लाइननं पाठवा.